आर्डेनफोर्ड लीग सोडतंय

ईमेलच्या तळाशी तनूचं नाव होतं. अवधूतनं आधी फक्त विषय वाचला होता, आर्डेनफोर्ड विद्यापीठाचा मिडलंड्स लीग सोडून वेस्टर्न लीगमध्ये जाण्याचा प्रस्ताव, आणि वाचता वाचता चहाचा कप उचलला होता, कारण असे प्रस्ताव दर दोन-तीन वर्षांनी कुणी ना कुणी पाठवतंच आणि बहुतेक ते कुठेतरी विरून जातात. मग तो ईमेल सरकवत तळाशी आला. टी. पाटणकर, स्पोर्ट्स डेव्हलपमेंट ऑफिसर. त्यानं कप खाली ठेवला तो कीबोर्डच्या कडेवर, आणि चहा सांडला. टिश्यूनं पुसताना पडद्यावर नको ती अक्षरं उमटत गेली, ती त्यानं एकेक करून खोडली. समोरच्या टेबलावर मुलींच्या हॉकी संघाचा कोच कीथ बसला होता. त्याला तोच ईमेल आला असावा, कारण तो हसून म्हणाला, "चार वर्षं हरले, आता पळतायत. जाऊ देऊ नकोस रे त्यांना." अवधूतनं मान हलवली. हो की नाही ते त्याचं त्यालाच कळलं नाही. ईमेलखालचं पाटणकर हे आडनाव अवधूतचंही आहे हे कीथच्या लक्षात आलं नाही की त्यानं मुद्दाम ते टाळलं, यावर तो उगीचच विचार करत राहिला. हेलन मिडलंड्स लीगच्या समितीची अध्यक्ष होती, तिची वर चार ओळींची चिठ्ठी होती. आर्डेनफोर्डशी सर्वांत जुना सामना तुमचा, साठ वर्षांचा, म्हणून नियमाप्रमाणे तुमचं मत आधी. तुम्ही हरकत घेतलीत तर आम्ही पुढे जाणार नाही. पुढच्या शुक्रवारपर्यंत कळव.

बावीस वर्षं तो हे काम करत होता. कोणता संघ कोणत्या बुधवारी कुठे खेळणार, बस किती वाजता सुटणार, पंच कोण, मैदान मोकळं आहे का. इथे विद्यापीठांचे सामने बुधवारी दुपारी होतात, त्यामुळे त्याच्या वर्षाला बावन्न आठवडे नव्हते, पंचवीस-तीस बुधवार होते. नागपूर विद्यापीठाच्या हॉकी संघात तो लेफ्ट हाफ खेळला होता, त्या एका गोष्टीवर ही नोकरी मिळाली. त्याआधी तो मालविकाच्या मागून नॉटिंगहॅमला आलेला माणूस होता. तिला हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजीत जागा मिळाली होती, ती सकाळी जायची, आणि तो तीन वर्षांच्या तनूला बाबागाडीत घालून लायब्ररीत, पार्कात, पोस्टात फिरवायचा. त्या मोठ्या, ओल्या, रिकाम्या दिवसांत दोघांची एक भाषा तयार झाली होती, निम्मी मराठी, निम्मी खुणांची. तनू लिंगाच्या चुका करायची. तो बाहुली, ती रस्ता. मालविका संध्याकाळी येऊन सुधारायची. तो सुधारायचा नाही. त्याला वाटायचं, पोर बोलतेय ना, बोलू दे.

आर्डेनफोर्ड तनूनंच निवडलं होतं. चांगले गुण होते, नॉटिंगहॅममध्येच राहता आलं असतं, बापाच्या विद्यापीठात. पण ती म्हणाली, "मला असा कुठेतरी जायचा आहे जिथे मला कोण ओळखत नाही," आणि नेमकं ते विद्यापीठ निवडलं ज्याच्या नावानं कीथच्या मुली बसमध्ये वाह्यात गाणी म्हणायच्या. घरात काही महिने मजा चालली. मालविका त्याला म्हणायची, शत्रूकडे मुलगी दिली आपण. आर्डेनफोर्ड खेळायला यायचं तेव्हा ती अर्धा दिवस रजा टाकून मैदानावर यायची आणि सरळ पाहुण्यांच्या बाजूला जाऊन बसायची. तो यजमानांच्या बाजूला, हातात पंचांचे कागद, आणि मैदानापलीकडे बायको परक्या रंगाचा मफलर गुंडाळून ओरडतेय. तनूकडे चेंडू आला की मालविका उभी राहायची, आणि तीच मनातली हालचाल त्याला आपल्या गुडघ्यात जाणवायची, पण त्याला उभं राहता यायचं नाही. तो ऑफिसर होता. आता वाटतं, राहायला काय हरकत होती? कुणी काय म्हटलं असतं?

मग चार वर्षांपूर्वीचा तो मे महिना. त्या दिवसांवरून त्याचं मन इतक्या वेळा फिरलं होतं की मधला भाग झिजून गेला होता आणि फक्त कडा उरल्या होत्या. मालविकाचं दुखणं एप्रिलमध्ये बळावलं. तिला घरीच राहायचं होतं, म्हणून नर्स रोज घरी यायची. तनूची शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती, आणि मालविकानंच सांगितलं, तिला परीक्षा होईपर्यंत काही कळवू नकोस. त्यानं कबूल केलं. तनूचा रविवारी फोन आला की तो फोन मालविकाच्या तोंडाजवळ धरायचा, ती दोन वाक्यं बोलायची, मग तो फोन घेऊन म्हणायचा, तिचा घसा बसलाय गं. तीन रविवार घसा बसला होता. शेवटचा पेपर शुक्रवारी होता. मालविका गुरुवारी पहाटे गेली. तो गाडी घेऊन आर्डेनफोर्डला गेला, तनूच्या होस्टेलच्या खाली उभा राहिला, आणि ती नोट्स हातात घेऊन जिना उतरली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद होता. तो आनंद त्याला कधी विसरता आला नाही. बाबा आला, एवढाच.

तिनं आरडाओरडा केला नाही. अंत्यसंस्काराला आलेल्या सगळ्यांशी नीट बोलली. चौदाव्या दिवशी बॅग भरताना फक्त म्हणाली, "आई गेला आणि तू मला सांगितला नाहीस. पाऊस पडला की तू मॅच पोस्टपोन करतोस ना, तसा तू माझा गुडबाय पोस्टपोन केलास." तो म्हणाला, "आईचीच इच्छा होती." ती म्हणाली, "ओके." त्या ओकेनंतर ती घरी राहायला आली नाही. आर्डेनफोर्डमध्येच तिला नोकरी लागली, त्यांच्या हॉकी संघाची व्यवस्था तिच्याकडे आली, आणि त्यामुळे वर्षातून दोन बुधवार उरले. ऑक्टोबरमध्ये तिकडे, मार्चमध्ये इकडे. फोन वाढदिवसाला व्हायचे, दिवाळीला व्हायचे, पण फोनवर ती कुणाशीही बोलावं तशी बोलायची. त्या दोन बुधवारी मात्र ते साइडलाइनला शेजारी शेजारी उभे राहायचे. स्कोअर, वारा, कुणाच्या घोट्याला लागलंय. तिच्या बोटांना थंडीत भेगा पडायच्या, मालविकाच्या पडायच्या तशा. सत्तर मिनिटांचा खेळ, त्याआधी वॉर्म-अप, नंतर पोरींचं खाणं. सगळं मिळून अडीच तास. वर्षाचे पाच. एखाद्या डिसेंबरच्या दुपारी, चार वाजताच अंधारून येत असताना, ऑफिसात बसून त्यानं ते पाच तास मनात पुन्हा पहिल्यापासून चालवलेले असायचे.

आणि आता ती लीग सोडून जायचं म्हणत होती.

प्रस्ताव त्यानं घरी नेऊन वाचला. सात पानं. उगाच शब्द नाहीत, रडगाणं नाही. आर्डेनफोर्डहून मिडलंड्समधल्या मैदानांवर जायला बसला सरासरी किती वेळ लागतो, ब्रिस्टलकडच्या मैदानांवर किती, याचा तक्ता होता. त्यात नॉटिंगहॅमपुढे दोन तास पस्तीस मिनिटं लिहिलं होतं. त्यानं आपली जुनी नोंदवही काढून सात वर्षांचे आकडे पाहिले. दोन पस्तीस. दहा मिनिटं वाढवली असती तर कुणाला कळलं नसतं, पण तिनं वाढवली नव्हती, आणि रस्त्यातल्या चहाच्या थांब्याचा वेळ वेगळ्या रकान्यात दाखवला होता, जसा तो दाखवायचा. त्यानं तिला हे कधी शिकवलं होतं? बहुतेक शिकवलं नव्हतंच. लहानपणी ती त्याच्या टेबलाखाली बसून रंगीत पेन्सिलींनी रकाने भरायची, तेवढंच. तिच्या संघातल्या बावीसपैकी नऊ मुली नर्सिंगच्या होत्या. गुरुवारी सकाळी सातला त्यांची वॉर्डात ड्युटी असायची. परत पोचायला उशीर, झोप अपुरी. हेही तारखांनिशी होतं.

त्यानं हरकतीचा मसुदा लिहायला घेतला, आणि तो इतका सहज लिहून झाला की त्याला स्वतःचं नवल वाटलं. साठ वर्षांची परंपरा. दोन्ही विद्यापीठांच्या माजी खेळाडूंची भावना. एक संघ गेला की बाकीच्यांचे सामने विषम होतात, वेळापत्रक कोलमडतं. वेस्टर्न लीगमध्ये आधीच संघ जास्त. एकही वाक्य खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं ते कीथला दाखवलं, कीथ खूष झाला. मसुदा स्क्रीनवर उघडाच ठेवून तो ट्रेंट नदीच्या काठानं चालत निघाला, फेब्रुवारीतला तो वारा, रोइंगच्या पोरांचे आवाज पाण्यावरून येत होते, आणि त्याच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. ती माझ्यापासून सुटका करून घेतेय का? सात पानांत कुठेही तसं नव्हतं, आणि म्हणूनच प्रत्येक पानावर तसं असू शकत होतं. ती त्याचीच मुलगी होती. खरं कारण झाकायचं असेल तर ती खऱ्याच कारणांनी झाकेल. तो नाही का झाकत? त्यानं तरी मसुद्यात कुठे लिहिलं होतं की मार्चमधला तो बुधवार गेला तर मी माझ्या मुलीला कुठे भेटू?

एका बाकावर तो बसला. शेजारी एक म्हातारी कुत्र्याला बिस्किट देत होती. त्याला मालविका गेली त्या आठवड्यातली मंगळवारची सकाळ आठवली. ती आठवण तो सहसा जवळ येऊ द्यायचा नाही. मालविकानं डोळे उघडले होते आणि ती काहीतरी बोलली होती, आणि त्यानं मनात हिशोब केला होता. पेपर शुक्रवारी. डॉक्टर म्हणतात अजून दोन-तीन आठवडे. शुक्रवारी संध्याकाळी जाऊन घेऊन येऊ, शनिवार-रविवार दोघी निवांत भेटतील. असा तारखांचा मेळ बसला की त्याला नेहमी बरं वाटायचं, तसंच तेव्हाही वाटलं होतं. बरं वाटलं होतं! हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. आईचीच इच्छा होती, एवढंच सांगितलं होतं, आणि तेही खोटं नव्हतं, मंगळवारपर्यंत.

ऑफिसात परत येऊन त्यानं मसुदा खोडला. हेलनला फोन केला. ती म्हणाली, "अवधूत, कागद बाजूला ठेव. तुला स्वतःला काय वाटतं? त्यांनी जावं का?" तो म्हणाला, "जावं. त्यांचे आकडे बरोबर आहेत. मी तपासले." "तुमची परंपरा?" "परंपरेला गुरुवारी सात वाजता ड्युटी नसते," तो म्हणाला, आणि हेलन थोडं हसली. मग त्यानं लिहून पाठवलं. आमची हरकत नाही. पाठवल्यावर छातीत काहीतरी रिकामं झालं, दात काढल्यावर जीभ पुन्हा पुन्हा जाते तशी जागा. कीथ दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही.

मार्चमधला तो सामना ऊन-पावसाचा होता. आर्डेनफोर्डची बस वेळेवर आली. तनू शेवटी उतरली, खांद्यावर प्रथमोपचाराची पिशवी, केस आखूड केलेले. ती त्याच्याजवळ येऊन उभी राहिली आणि पहिली पंधरा मिनिटं दोघंही खेळाकडे बघत राहिले. मग तीच म्हणाली, "हेलनचा ईमेल आला. तू हो म्हटलास."

"हो."

"मला वाटला तू नो म्हणशील."

"तुझे आकडे बरोबर होते."

मैदानावर कीथच्या मुलींना शॉर्ट कॉर्नर मिळाला होता, गोलाची संधी होती, कीथ ओरडत होता. "तो प्रपोजल दोन वर्षं आधीच रेडी होता," ती म्हणाली. "माझा बॉस दर समरला विचारायचा. मी म्हणायचे, डेटा इनकम्प्लीट आहे. डेटा कम्प्लीट होता, बाबा."

"मग का नाही पाठवलास?"

"कारण मग हा बुधवार जाणार होता ना." तिनं बोटानं साइडलाइन दाखवली, तिच्या बुटांपासून त्याच्या बुटांपर्यंत. "नंतर एक मुलगी, ती नर्सिंगची, लेफ्ट विंगला आहे बघ. ती गुरुवारी वॉर्डमध्ये उभ्या उभ्या झोपली. तिला वॉर्निंग मिळाला. मग मला लाज वाटला. मी पाठवून टाकला, आणि म्हटलं, बाबा नो म्हणेल. तू नो म्हटला असतास तर माझा काही चूक नव्हता."

म्हणजे ती दोन वर्षं थांबली होती. तो जे डिसेंबरच्या दुपारी करत होता ते ती तिकडे करत होती, तिच्या टेबलापाशी, सात पानं खणात ठेवून. आणि तिनं शेवटी ते त्याच्या हाती सोपवलं होतं, आणि त्यानं नीट तपासून, आकडे जुळवून, सोडून दिलं होतं. पुन्हा एकदा बरोबर वागला होता तो. पावसाचे थेंब आले, तनूनं टोपी वर ओढली. आता स्वतःला अडवायची ताकद त्याच्यात उरली नव्हती, किंवा इच्छा.

"तनू, आईनं तुला बोलावलं होतं."

ती वळली नाही. "कधी?"

"मंगळवारी. ती गुरुवारी गेली, त्याच्या आधीच्या. मला म्हणाली बोलाव, आणि मी म्हटलं शुक्रवारी पेपर आहे. मी बोलावलं नाही. तुला मी अर्धंच सांगितलं."

"मंगळवारी किती वाजता?"

"सकाळी. सव्वादहा असतील."

खेळ चालू होता, स्टिकवर स्टिक आपटत होती. तनू म्हणाली, "अकरा-वीसची ट्रेन होती. बर्मिंगहॅमला चेंज. दोन अठ्ठेचाळीसला नॉटिंगहॅम." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी नंतर बघितल्या होत्या सगळ्या ट्रेन्स. त्या आठवड्याच्या, प्रत्येक दिवसाच्या. मग मी बघायचा बंद केला. मला वाटला, आईनीच बोलावला नाही, तर ट्रेन असून काय. चार वर्षं मला तेच वाटत होता, बाबा. की तिला मी नको होते तिथे."

त्यानं हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही, झटकलाही नाही. पलीकडे तिच्या संघातली एक मुलगी गुडघा धरून खाली बसली होती. तनू पिशवी घेऊन तिच्याकडे धावली, बँडेज बांधलं, आणि परत आली ती आपल्या बाकापाशी, पाहुण्यांच्या बाजूला. सामना आर्डेनफोर्डनं दोन-एक जिंकला. मुली ओरडल्या, नाचल्या, जुनं वाह्यात गाणं शेवटचं म्हणून दोन्ही संघांनी एकत्र म्हटलं. तनू बसच्या दारात उभी राहून डोकी मोजत होती. त्याला वाटलं ती बघेल. तिनं बावीस मोजली, ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं आणि दार बंद झालं. ओल्या पार्किंगमध्ये तो थांबला, बस वळणावरून दिसेनाशी झाल्यावरही.

मग तिच्याकडून काही आलं नाही. एक आठवडा, दोन, पाच. त्यानं तीन पत्रं लिहिली आणि फाडली. मन मोकळं झाल्यावर माणसाला हलकं वाटतं असं तो ऐकून होता, तसं काही झालं नाही. उलट घर जड झालं. जिन्यावर, ओट्याशी, मालविकाच्या मायक्रोबायोलॉजीच्या जाड पुस्तकांपाशी त्याला सारखं ते दोन अठ्ठेचाळीस दिसायचं. दोन अठ्ठेचाळीसला तनू स्टेशनावर असती, तीनला दारात. मालविका त्या दिवशी आठ वाजेपर्यंत बोलत होती. पाच तास. वर्षभराचे सगळे पाच तास, एकाच दिवशी.

एप्रिलच्या मध्यात, रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, तो पुढच्या हंगामाचं वेळापत्रक आखत बसला होता तेव्हा फोन वाजला. वाढदिवस नव्हता, सण नव्हता. "बाबा," तनू म्हणाली, "बिझी आहेस?"

"नाही."

"तो मंगळवार सांग. सकाळपासून. काही सोडू नकोस, आणि चांगला पण करू नकोस."

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. सुरुवात कुठून करायची त्याला कळेना, मग त्यानं खिडकीपासून केली. खिडकी उघडताना ती अडकली होती. बाहेर शेजाऱ्यांचं गवत कापायचं यंत्र चालू होतं. मालविकाला चहा नको होता, मग हवा होता, मग दोन चमचे घेऊन नको झाला. नर्स उशिरा आली होती. त्यानं मालविकाच्या पायांना तेल लावलं, तेव्हा ती म्हणाली, तुझे हात गार आहेत. तनू मधूनच विचारायची. कुठल्या कुशीवर होती? केस बांधले होते का? आवाज कसा होता, फोनवर होता तसा? तो सांगत गेला. सांगताना त्याला अशा गोष्टी आठवत गेल्या ज्या आपल्याला आठवतात हेही त्याला माहीत नव्हतं, आणि काही ठिकाणी त्याचा आवाज गेला, तेव्हा ती थांबली, घाई केली नाही. पलीकडे तिच्या खोलीत कुठलातरी नळ चालू होता, तो तिनं बंद केला.

"आणि सव्वादहाला," ती म्हणाली, "तिनं नाव घेतला माझा? की नुसता ‘तिला बोलाव’ म्हणाली?"

तो डोळे मिटून बसला. तेल, गार हात, ते यंत्र अचानक थांबलं होतं आणि खोली शांत झाली होती, आणि त्या शांततेत मालविकानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं होतं.

"नाव घेतलं," तो म्हणाला. "म्हणाली, तनूला बोलाव."

"परत सांग," ती म्हणाली.

"तनूला बोलाव."